लागवडीआधी जिवंत मुळे तपासावीत

दर चौरस मीटरला ३-४ रोपे लावली की कोणत्याही उजाड वनजमिनीवर काही वर्षांत जंगल उभे राहते, हे दाट लागवडीच्या मियावाकी पद्धतीच्या समर्थकांचे मत शहरातल्या भराव टाकलेल्या भूखंडापुरते मला मान्य आहे. ग्वाल्हेरभोवतीच्या खडकाळ टेकड्यांना मात्र ते लागू पडत नाही. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांनी ही पद्धत जपानमधील दमट हवामानात घडवली, तर आपल्याकडचे मूळ वन करधई, खैर, सालई, पळस यांचे, उन्हाळ्यात पानगळ होणारे आणि खाली गवताला जागा देणारे आहे.

यांपैकी करधईकडे विशेष लक्ष द्यायला हवे. सततच्या चराईने आणि तोडीने हे झाड जमिनीलगत पसरलेले खुरटे झुडूप होऊन राहते, त्यामुळे जमीन उजाड वाटते. पण मुळे जिवंत असतात आणि चराई व कुऱ्हाड थांबली, तर त्यांतूनच धुमारे फुटून ते पुन्हा उंच वाढू लागते. अशा जागी जेसीबीने माती उकरून, टँकरच्या पाण्यावर जगवायची दाट रोपे लावणे म्हणजे असलेले जंगलच उपटणे होय, आणि ते पाहून मला फार वाईट वाटते. लागवडीचा खर्च मंजूर करण्याआधी पावसाळ्यात या धुमाऱ्यांची मोजणी करावी, आणि ते पुरेसे असतील तिथे पैसा फक्त कुंपण व राखणदारांवर खर्च करावा.