पत्रा, स्लॅब आणि धाबं: घरं थंड करण्याच्या कामात स्वयंसेवकांनी काय करावं, पगारी माणसांनी काय?

तापीकाठ_समन्वयक यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. भुसावळ-यावल पट्ट्यात घरं थंड ठेवणं आणि वीजबिल उतरवणं यासाठी काम करणारी आमची लहान नोंदणीकृत संस्था आहे. पगारी दोघंच: समन्वयक म्हणून मी आणि तांत्रिक देखरेखीला एक जण. बाकी सगळे स्वयंसेवक, त्यात कॉलेजची मुलंमुली आणि बचत गटातल्या ताई. यंदा ६० घरांची यादी आहे. काही पत्र्याची, काही स्लॅबची, गावठाणातली काही धाब्याची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर असलेली. घरामागे साधारण ६,००० रुपयांच्या आत बसवायचं आहे.

कोणत्या घरापासून सुरुवात करावी? स्वयंसेवकांच्या हाती काय द्यावं आणि काय अजिबात देऊ नये? आणि फरक पडला हे देणगीदाराला दाखवायचं कसं? मंडळातल्या काहींचा आग्रह आहे की बाकी सगळं सोडा, सरळ सोलरच करा.

---

पत्रे_आणि_कैच्या

ताई, क्रम अर्जाच्या तारखेवरून लावू नका, छपरावरून आणि घरात कोण राहतं यावरून लावा. पत्र्याखाली राहणारे म्हातारे, बाळंतीण, अंथरुणाला खिळलेलं माणूस, ही घरं सर्वांत आधी. ही माहिती आशाताईंकडे तोंडपाठ असते, वेगळं सर्वेक्षण लागत नाही. मग वर मजला नसलेली स्लॅबची घरं.

पत्र्याला चुना लावायचा नाही. चुना पत्र्यावरच्या जस्ताला खातो आणि धरतही नाही, पापुद्रे निघतात. तिथे छपरासाठीचा पांढरा ॲक्रिलिक रंगच हवा. ‘नवा पत्रा चकाकतोय, त्याला रंग कशाला’ असं घरमालक हमखास म्हणतो. चकचकीत पत्रा बरंचसं ऊन परतवतो हे खरं, पण जेवढी उष्णता शोषतो ती सहज सोडत नाही, म्हणून दुपारी त्याला हात लावता येत नाही. पांढरा रंग ऊनही परतवतो आणि मुरलेली उष्णता आभाळाकडे सोडतोही. हे स्वयंसेवकाला नीट समजावून सांगता आलं पाहिजे.

काम असं: तारेच्या ब्रशने गंज काढा, गंजलेल्या जागी रेड ऑक्साइड किंवा झिंक प्रायमर, जे-हुकांचे कुजलेले वॉशर बदला, मगच रंग. पहिला हात पातळ, दुसरा घट्ट आणि आडवा. डब्यावर लिहिलेलं क्षेत्रफळ गुळगुळीत पृष्ठभागाचं असतं. नालीदार पत्र्याचं खरं क्षेत्रफळ जमिनीवरच्या मापापेक्षा जास्त भरतं, म्हणून माल मोजताना तेवढी वाढ धरा. वेळ सकाळी ७ ते साडेदहा. तापल्या पत्र्यावर रंग लावताक्षणी सुकतो, थर एकसंध होत नाही आणि पहिल्या पावसात सोलतो. यंदाचा रंग पुढच्या वर्षी निघाला तर त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पत्र्यावर चढायचं तर हुकांची ओळ बघा. जिथे हुक, तिथे खाली आडवी पट्टी. दोन ओळींवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावरच बसायचं. सिमेंटच्या पत्र्यावर मात्र स्वयंसेवकाला चढवूच नका. तो वरून धड दिसतो आणि पायाखाली एकदम फुटतो. शिवाय जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, तो कोरडा घासायचा नाही आणि त्याला भोकं पाडायची नाहीत. तिथे खालून काम करा: पत्र्याच्या खाली चार-सहा इंच जागा सोडून बांबूच्या चटईचं छत, दोन्ही टोकांना हवा खेळती. थर्माकोल लावून देऊ नका, ठिणगी पडली तर तो पेटतो आणि विषारी धूर करतो.

स्लॅबला चुना उत्तम आणि स्वस्त. कळीचा चुना लोखंडी पिंपात रात्रभर विझवायचा. आधी पाणी, मग थोडा थोडा चुना, उलटं कधीच नाही, कारण तो उकळून अंगावर उडतो. हे काम पगारी माणसासमोरच व्हावं, डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे. डोळ्यात गेलाच तर १५ मिनिटं स्वच्छ पाण्याची धार आणि लगेच दवाखाना. विझवून गाळलेल्या चुन्यात डीडीएल डिंक (चुना धरून ठेवणारा) आणि थोडं पांढरं सिमेंट. स्लॅब झाडून, शेवाळ खरवडून, भेगा आठवडाभर आधी बुजवून, ओला करून मग दोन-तीन पातळ हात. एकच जाड हात दिला तर भुकटी होते. किती माल लागेल ते १० बाय १० फुटांच्या तुकड्यावर करून बघा, प्रत्येक स्लॅब वेगळा पितो.

आणि तारखा. फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. नंतर मुलांच्या परीक्षा, मग गच्चीवर बिबडे-कुरडयांचं वाळवण, मग आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी येतात, तेव्हा कोणी गच्ची मोकळी करून देत नाही आणि ते बरोबरच आहे. चुन्याच्या गच्चीवर वाळवण घालताना खाली जाड कापड हवंच, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिलं भांडण त्यावरूनच.

---

वायरमन_पारोळा

विजेपुरतं लिहितो. स्वयंसेवकाने बघायचं आणि लिहायचं, हात लावायचा नाही. बोर्ड उघडणं, पंखा उतरवणं, मीटरच्या आसपासचं काहीही, हे परवानाधारक वायरमनच करेल. त्याचं बिल आणि परवाना क्रमांक घराच्या फाइलला लावा.

स्वयंसेवकाने टिपायच्या गोष्टी: तीन पिनी सॉकेटला अर्थिंगची तार आहे का, कूलर दोन पिनी प्लगवर चालतो का, टेपचे सांधे किती, मेन फ्यूजमध्ये जाड तार घातली आहे का. आपल्याकडे उन्हाळ्यात शॉक बसतो तो बहुतेक लोखंडी बॉडीच्या कूलरचा. पंपाचं इन्सुलेशन गेलं की टाकीतलं पाणी आणि बॉडी दोन्हींत करंट येतो. म्हणून घराला रंग लावण्याआधी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच), दोन पोलची, आणि कूलरच्या बॉडीला अर्थिंग. तुमच्या ६,००० मध्ये हे आधी बसवा.

आरसीसीबी बसवल्यावर ती सारखी बंद पडते अशी तक्रार येईल. कारण जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी जोडलेले असतात, किंवा दोन भावांच्या घरांत एकच न्यूट्रल फिरवलेला असतो. ते शोधून वेगळं करायला वायरमनचा अर्धा दिवस धरा. तो वेळ धरला नाही, तर घरचे लोक दुसऱ्या दिवशी कोणाला तरी बोलावून ती बायपास करून घेतात. महिन्यातून एकदा तिचं टेस्ट बटण दाबायला ताईंना शिकवा, हे मात्र स्वयंसेवकाचं काम.

अर्थिंगचा खड्डा बाथरूमच्या सांडपाण्याजवळ घ्या. आपली काळी माती एप्रिलमध्ये भेगाळते, रॉडपासून सुटते आणि अर्थिंग नावालाच उरतं. लांब घ्यावा लागला तर आठवड्याला बादलीभर पाणी.

पंखे: जुना ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३० च्या आसपास. दिवसाला १६ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला २१-२२ युनिट वाचतात. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की जुना पंखा मरगळतो, बीएलडीसी वेग धरून ठेवतो. लोकांना बिलापेक्षा हे जास्त पटतं. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून थेट स्विचवर घ्या, नाहीतर आतलं सर्किट जातं. रिमोट हरवतात म्हणून भिंतीला खोबण लावून द्या. उतरवलेला जुना पंखा घरातच ठेवला तर तो दुसऱ्या खोलीत लागतो आणि बचत संपते. तो परत घ्यायचा हे आधीच ठरवा.

---

गावठाण_मारवड

धाब्याबद्दल. त्यावर कुठलाही प्लास्टिकसारखा रंग नको. आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही आणि खालची लाकडं कुजतात. धाबं मुळातच थंड, ते जपायचं. दरवर्षी नवी खारी माती टाकत गेलं की वजन वाढून तुळया वाकतात, म्हणून आधी जुना सुटा थर खरवडून उतरवा, गवताची मुळं काढा, मग नवा थर, उतार पन्हाळाकडे. तुळईच्या टोकाला भिंतीत जिथे ती टेकते तिथे पेचकस टोचून बघा. सहज आत गेला तर त्या घरावर कोणालाच चढवू नका, आधी सुतार. खाली झरोके बुजवलेले असतील तर मोकळे करा आणि घरच्यांना सवय लावा: सकाळी नऊला सगळं बंद, रात्री आठनंतर सगळं उघडं.

---

तापीकाठ_समन्वयक

फार उपयोगी. पत्र्यावर चढणाऱ्यांच्या विम्याचं काय करावं? आणि सोलरचा आग्रह कसा हाताळावा?

---

हिशेब_नोंद_धुळे

विमा: पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. मुदत १ जून ते ३१ मे असते, म्हणजे फेब्रुवारीत आलेल्या मुलाचा तेव्हाच काढा आणि मेअखेर खात्यात पैसे राहतील हे बघा. पण यात दवाखान्याचा खर्च मिळत नाही; त्यासाठी संस्थेने गटाची वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी. १८ च्या आतलं कोणी छपरावर नाही.

मोजमाप: इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पत्र्यावर खोटं, कमी तापमान दाखवतो. रंगाच्या आधी मोजताना पत्र्यावर काळी चिकटपट्टी लावा, ती तापू द्या आणि तिच्यावर नेम धरा. नाहीतर आधीचा आकडा कमी येतो आणि रंगाचा फायदाच दिसत नाही. खोलीचं तापमान छातीच्या उंचीवर, भिंतीपासून दूर, पंख्याच्या झोताबाहेर. दुपारी ३ ला आणि रात्री १० ला. स्लॅबच्या घरात रात्रीचा आकडाच खरा, कारण दिवसभर साठलेली उष्णता स्लॅब तेव्हा खाली सोडतो आणि झोप तिथेच मोडते. गल्लीतलं एक न रंगवलेलं, तसंच घर त्याच वेळी मोजा. तुलनेचं घर नसेल तर रंगाने फरक पडला की ढग आले म्हणून, हे सांगता येत नाही. तुलनेचं घर पुढच्या वर्षीच्या यादीत पहिलं ठेवा, तसा शब्द द्या आणि पाळा.

बिलावरून बचत दाखवायची तर रुपये नको, युनिट घ्या आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा. १०० युनिट ओलांडले की सगळ्या बिलाला वरचा दर लागतो असा समज आहे, तो चूक आहे; वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. स्वयंसेवकांनी चुकीचं सांगितलं तर दुसऱ्या बिलाला विश्वास जातो.

देणगीदाराला दाखला हवा असेल तर अहमदाबादचा द्या. त्यांनी २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि २०१७ मध्ये वस्त्यांमधली छपरं चुन्याने पांढरी करण्याचं काम त्याला जोडलं, स्वयंसेवकांना घेऊन. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं.

कामाच्या वाटणीत मला एकच गोष्ट फार महत्त्वाची वाटते: प्रत्येक घराची फाइल एका पगारी माणसाच्या नावावर असावी. पाहणी, संमती, माल, वायरमनची सही, पावसाळ्यानंतरची फेरी, सगळं तिथे. स्वयंसेवक बदलतात, जूनमध्ये निम्मी मुलं पुण्याला जातात. फाइल स्वयंसेवकाकडे असेल तर ऑक्टोबरमध्ये कुठल्या घराला कोणता रंग लावला हे सांगायला कोणी नसतं. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी संमती, आणि दोन वर्षं या कामामुळे भाडं वाढवणार नाही असं त्यातच लिहून घ्या. पाहणीला जोडीने पाठवा आणि जोडीत एक बाई हवीच, कारण दुपारी घरी बायकाच असतात.

आणि विश्वस्त बदलले असतील तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज टाका. तो अडकला की बँक आणि देणगी दोन्ही अडकतात.

---

वायरमन_पारोळा

सोलरचं: पीएम सूर्यघरचं अनुदान १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,०००, ३ आणि पुढे ७८,०००. १ किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिट देतो. ज्या घराचा वापर महिन्याला ८० युनिट आहे तिथे आधी पंखे बदलून बघा, गरज किती उरते ते दिसेल. धाब्यावर आणि गंजलेल्या पत्र्यावर पॅनलचं वजन आणि मे महिन्यातली वावटळ, दोन्ही झेपत नाहीत. मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर आधी नावबदल, त्यात वेळ जातो. स्वयंसेवकांना ते काम आत्ताच देऊन ठेवा. कोणाही विक्रेत्याकडून स्वयंसेवकाने कमिशन घ्यायचं नाही, हे संमतिपत्रावर छापा.

---

पत्रे_आणि_कैच्या

एक राहिलं. एप्रिलमधल्या धुळीच्या वावटळींनंतर पांढरं छप्पर मळकट होतं आणि फायदा उतरतो. पाणी जपून वापरायचं तर आधी कोरडा झाडू, मग ओलं पोतं ओढा. स्लॅबवर मऊ झाडूच, खराट्याने चुना निघतो. पत्र्यावर हे कोणी करायचं ते मात्र ठरवून द्या, घरातल्या पोरांना चढू देऊ नका. लांब बांबूला पोतं बांधून शिडीवरूनच होतं, आणि शिडी धरायला खाली एक माणूस.