सेल्फ मारला की एकदाच 'टक', बॅटरी नवी, डायनामो पण करून झाला, आता काय बघू?

खाडीकाठचा
नमस्कार मंडळी. बाबांची १९९७ ची कार्ब्युरेटरवाली पेट्रोल गाडी आहे, रत्नागिरीत समुद्रापासून जवळच उभी असते. गेले दोन महिने सेल्फ मारला की चारातनं दोनदा नुसता एकदा 'टक' आवाज येतो आणि इंजिन फिरतच नाही, पाच-सहा वेळा चावी फिरवली की कधीतरी घेते, नाहीतर धक्का. बाबा ७४ चे आहेत, बाजारात अनोळखी लोकांना धक्का मारा म्हणून सांगावं लागतं त्याचं त्यांना फार वाईट वाटतं, म्हणून हे एकदाचं सोडवायचंय.
आत्तापर्यंत बॅटरी नवी घेतली (३५ एएच), डायनामोचे (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) ब्रश आणि कटआऊट (त्याचं व्होल्टेज काबूत ठेवणारा) बदलला, सेल्फचे कार्बन पण नवे टाकले. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.५ व्होल्ट, चालू केल्यावर १४.१. पण रात्री हेडलाइट आणि ब्लोअर लावला की १३ च्या वर जात नाही, लाइट पिवळट पडतात. इलेक्ट्रिशियनने चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून बघितलं आणि आता म्हणतोय अख्खा डायनामो बदला. बदलू का?

बाराचा_पाना
दादा, थांबा, अजून काही विकत घेऊ नका. आणि चालू गाडीत टर्मिनल काढायला परत कुणाला देऊ नका, बॅटरी सुटली की डायनामोचं व्होल्टेज एकदम उसळतं आणि आतले डायोड नाहीतर कटआऊट जातो, चांगला डायनामो त्यातच मरतो.
आता एक सांगा, 'टक' होतं तेव्हा कुणाला तरी हेडलाइटकडे बघायला सांगा. लाइट एकदम मेले तर बॅटरी कमजोर किंवा सेल्फ जाम. लाइट जवळजवळ तसेच राहिले तर बॅटरीत ताकद आहे, ती सेल्फपर्यंत पोचत नाहीये. टक-टक-टक-टक असं सलग वाजलं असतं तर मी पण आधी बॅटरीच म्हटलं असतं.

जुनं_गॅरेज
माझ्या मते सोलेनॉइडचे (सेल्फवरचा, बॅटरीचा करंट मोटरला जोडणारा जाड स्विच) तांब्याचे कॉन्टॅक्ट खाल्लेत. एकच टक आणि कधी घेते कधी नाही हे त्याचंच लक्षण, विशेषतः गरम झाल्यावर. सेल्फ खाली उतरवून उघडा.

खाडीकाठचा
लाइट थोडेच कमी होतात, मरत नाहीत. आणि एक विचित्र गोष्ट, काल सात-आठ वेळा सेल्फ मारल्यावर चोकचा (थंड इंजिन चालू करताना ओढतो तो) नॉब ओढला तर चांगलाच गरम लागला!

बाराचा_पाना
सापडलं बहुतेक! इंजिनची अर्थिंग गेलीय. सेल्फचा करंट इंजिनच्या लोखंडातनं बॉडीला आणि तिथनं बॅटरीच्या मायनसला परत यावा लागतो, ती वाट खराब झाली की तो मिळेल त्या वाटेने जातो, म्हणजे चोकची केबल नाहीतर ॲक्सिलरेटरची केबल, म्हणून ती तापते.
पण खात्री करूनच हात घाला. प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलची प्लसची वायर काढून तिला टेप लावा म्हणजे गाडी चालू होणार नाही, न्यूट्रल आणि हँडब्रेक. मीटर २० व्होल्ट डीसीवर, एक पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खांबावर (वायरच्या क्लॅम्पवर नाही), दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ पर्यंत ठीक, त्याच्यावर गेलं तर मायनसची बाजू खराब. मग तसंच बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या मोटरच्या बोल्टपर्यंत, तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. सोलेनॉइड मध्येच येत असल्यामुळे जुनं_गॅरेज म्हणतात ते कॉन्टॅक्ट पण त्यातच कळतील, सेल्फ उतरवायची गरज नाही.
वायर काढून मीटरच्या बीपवर तपासू नका. ०.०५ ओहम असला तरी बीप वाजतंच, पण शंभर अँपिअर ओढायला गेलात की त्याच ०.०५ वर ५ व्होल्ट उडतात. करंट वाहत असतानाच मोजायचं.

जुनं_गॅरेज
चोक तापतो म्हटल्यावर मी माझं मागे घेतो, आधी अर्थिंगच बघा.

खाडीकाठचा
मंडळी, मोजलं! मायनस बाजूला ४.६ व्होल्ट!! प्लस बाजूला ०.३ च. खाली झोपून बघितलं तर गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी तांब्याच्या जाळीची पट्टी पार हिरवी झालेली, निम्म्या तारा तुटलेल्या, आणि बोल्टच्या खाली चक्क रंग. तीन वर्षांपूर्वी खालून गंज काढून रंगवली होती तेव्हा रंगावरच बोल्ट आवळला असणार. लोखंड चकचकीत घासलं, २५ स्क्वेअर एमएमची नवी केबल दोन्ही टोकांना लग (बोल्टमध्ये बसणारं धातूचं टोक) दाबून बसवून लावली, वरून ग्रीस. आता ०.२ येतंय आणि पहिल्या झटक्यात घेते. रात्री लाइट-ब्लोअर लावून १३.८, लाइट पण पांढरे! हे कसं काय, डायनामोला तर हात पण लावला नाही?

बाराचा_पाना
डायनामो इंजिनवरच बसलाय ना, त्याची अर्थिंग पण त्याच पट्टीतनं. तो स्वतःच्या बॉडीपासून १४ च देत होता, लोड वाढला की त्यातला एक व्होल्ट त्या पट्टीत जळत होता आणि बॅटरीला उरलेलं मिळत होतं. पुढच्या वेळी चार्जिंग मोजाल तेव्हा बॅटरीवर आणि डायनामोच्या मागच्या बोल्ट ते त्याच्या बॉडीवर, असं दोन्हीकडे मोजा, फरक दिसला की दोष वायरमध्ये.
आणि ती चोकची केबल बदलून टाका. तापून आतलं प्लास्टिक वितळलं असेल तर चोक अर्धवट अडकून राहतो, पेट्रोल जास्त जातं आणि प्लग काळे पडतात.

खाडीकाठचा
हो, नॉब परत ढकलताना जड जातोय खरा. उद्याच काढतो केबल. बाबा आत्ता एकटेच बाजारात जाऊन आले.