जुन्या डेकमधला एलए ४४४० पाय न मोडता कसा काढायचा?

माळ्यावरचा_माल
परळला चाळीत राहतो. मामाचा कॅसेट डेक माळ्यावर सापडला. बेल्टचं डांबर झालंय, मोटर जाम, पण आत अस्सल एलए ४४४० आहे, म्हणजे आवाज मोठा करणारा आयसी. बाजारातून हाच आयसी दोनदा आणला. एक लावल्या लावल्या तापून गेला, दुसऱ्यातून एकाच बाजूचा आवाज. म्हणून हा हवाय. २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न आणि वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा सकर आहे. काल तासभर खपलो, १४ पायांपैकी ३ मोकळे झाले. एका पायाचं तांबं बोर्डावरून उचकटलं. पाय हलवून काढायची हिंमत होत नाही.

लोकलवाला
हीट गन मारा खालून. दोन मिनिटांत पडेल.

खरखर_रेडिओ
नका हो. तो तपकिरी कागदी बोर्ड आधी करपतो, वास आठवडाभर खोलीत राहतो.

माळ्यावरचे भाऊ, पहिलं ठरवा: आयसी हवाय की बोर्ड? बोर्ड भंगारातच जाणार असेल तर तांबं उचकटल्याचं दुःख कशाला? मी गिऱ्हाइकाचा बोर्ड असेल तर जीव मुठीत धरून काम करतो, भंगार असेल तर हॅक्सॉ ब्लेड काढतो. हीटसिंकचा (आयसी गार ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याचा) स्क्रू सोडवा आणि आयसीभोवतीचा तुकडाच कापून घ्या. बाहेर गॅलरीत कापा, तोंडाला रुमाल बांधा, तो भुसा वाईट. ग्राउंडचे पाय तुमचे वितळत नसणार, कारण त्यांच्यामागचा रुंद तांब्याचा पट्टा सगळी उष्णता ओढून घेतो. तुकडा कापला की ओढायला पट्टाच उरत नाही.

आता उलटं वाटेल, पण सोल्डर काढण्याआधी नवीन घाला. जुनं सोल्डर वर्षानुवर्षांत वरून मळकट होतं, आयर्नची उष्णता त्यात शिरत नाही. ६३/३७ ची (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डरची तार १८३ अंशांना वितळते. थोडी फ्लक्स पेस्ट (सोल्डर नीट पसरवणारी) लावून चौदाही पायांवर एकच जाड पट्टी ओता, आयर्न या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा. सगळं एकदम पातळ झालं की तुकडा टेबलावर हलकेच आपटा. आयसी ओढायचा नाही, तो आपसूक सुटतो. नाहीच सुटला तर थांबा, गार होऊ द्या, मग परत. उरलेलं लॅमिंग्टन रोडला मिळणाऱ्या तांब्याच्या विकने, म्हणजे सोल्डर शोषणाऱ्या विणलेल्या पट्टीने, टिपा.

आणि काम झाल्यावर हात धुवून मगच वडापाव. तारेत शिसं असतं.

माळ्यावरचा_माल
दुसऱ्या खेपेला सुटला. चौदाही पाय शाबूत, सातवा जरा वाकडा. १२ व्होल्टवर लावला, दोन्ही बाजू वाजतायत. मागे थोडी हम्, म्हणजे सततची गुणगुण, येतेय, ती बहुधा माझ्या ट्रान्सफॉर्मरची. आई विचारतेय, गॅलरीत हा तपकिरी भुसा कुणी सांडला.

खरखर_रेडिओ
हम् साठी २२०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर बघा. भुशाचं तुम्ही बघा.