कुकीज पुसल्या तरी जाहिरात पाठ सोडेना

टिपकागद:
बाबांसाठी श्रवणयंत्रं बघत होते. त्यांना अजून सांगितलेलं नाही, कारण आपल्याला नीट ऐकू येतं हे ते टीव्ही फुल आवाजात लावून सांगतात. काल बाबा माझ्या लॅपटॉपवर बातम्या वाचायला बसले, तर बातमीशेजारी श्रवणयंत्र! खाली सरकले, पुन्हा तेच मॉडेल. "हे कुणासाठी गं?" मी म्हटलं, ऑफिसातल्या एकांसाठी.

रात्री चिडून सगळ्या कुकीज उडवल्या. सकाळी ईमेल, बँक, सगळीकडून बाहेर. निम्मे पासवर्ड आठवेनात. आणि दुपारी यंत्र परत हजर. इन्कॉग्निटोत, म्हणजे ब्राउझरच्या त्या खाजगी खिडकीत, बघायला हवं होतं का? साइट कुकीजची परवानगी मागते तेव्हा 'ॲक्सेप्ट ऑल' मी न वाचताच दाबते, ते नडलं का?

रिकामा_तास:
ढेकणासाठी घर जाळलंत की हो!

कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरकडे ठेवायला दिलेली चिठ्ठी. 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू माँटुलीने ही सोय काढली, ती पाहुणा ओळखू यावा म्हणून. दुकानाच्या साइटची स्वतःची चिठ्ठी निरुपद्रवी असते, तिच्यावरच तुमचं लॉगिन टिकतं. त्रास थर्ड पार्टीचा. दुकानाच्या पानावर आणि बातमीच्या पानावर एकाच जाहिरात कंपनीचा कोड बसलेला असतो, तो दोन्हीकडे आपलीच चिठ्ठी वाचतो. तेवढीच बंद करा. सफारी 2020 पासून ती आपणहून अडवतं. फायरफॉक्स 2022 पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवतं. क्रोमने काढून टाकू म्हणून 2020 मध्ये जाहीर केलं आणि 2024 मध्ये शब्द फिरवला, तेव्हा तिथे सेटिंग्जमध्ये जाऊन 'थर्ड पार्टी कुकीज' स्वतःच ब्लॉक करायच्या.

यंत्र परत का आलं? बहुधा तुम्ही पुन्हा लॉगिन केलंत म्हणून. शोधलेलं खात्यावर नोंदलेलं असतं, कुकी पुसून ते जात नाही. गूगल खात्यात 'माय ॲड सेंटर' आहे, तिथे पर्सनलाइज्ड जाहिराती बंद करा.

इन्कॉग्निटोची खिडकी बंद केली की तिच्यातल्या कुकीज जातात, इतकंच. आत लॉगिन केलंत की मुसळ केरात.

उंबरठा:
'रिजेक्ट ऑल' मुद्दाम दोन क्लिक आत लपवतात. याच कारणावरून फ्रान्सच्या नियामकाने 2022 च्या सुरुवातीला गूगलला 15 कोटी युरो दंड लावला होता. 'मॅनेज'मध्ये शिरा, सापडतं.

जुनी_जखम:
जाहिरातीचं एवढं मनावर घेऊ नका, लॉगिनची कुकी सांभाळा. मी एक फुकटचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं होतं, त्याने ब्राउझरमधल्या कुकीज उचलल्या. चोर माझ्या मेलमध्ये, आणि ना पासवर्ड विचारला ना ओटीपी! आधीच आत सोडलेल्याला पुन्हा कोण विचारतो? मी पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलला, सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट केलं, मग लॅपटॉप फॉरमॅट. एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकतानाही तो 'सर्व साइट्सवरचा डेटा वाचू द्या' असं मागत असेल तर चारदा विचार करा.

टिपकागद:
थर्ड पार्टी ब्लॉक केल्या. एका साइटचं लॉगिन अडलं, तिला अपवादात टाकलं. तीन एक्स्टेन्शनं काढली, त्यातलं एक कधी घेतलं तेही आठवत नाही. यंत्र गायब!

पण आज बाबाच विचारत होते, त्या ऑफिसातल्या माणसाला ते मॉडेल मानवलं का.