मेलॅनोमा, कुरूप आणि 'आक्रमक' : नेमका अर्थ हवा आहे

शेजारच्या मावशी विड्या वळतात. टाचेवर काळा डाग होता, घरात सगळे त्याला कुरूपच (कॉर्न) म्हणायचे. आता बायोप्सीत 'मेलॅनोमा' आलाय. डॉक्टर म्हणाले, 'आक्रमक प्रकार आहे.' ते ऐकून घरच्यांनी हातपाय गाळलेत. या शब्दांचा अर्थ कुणी नीट सांगेल का?

प्रतिसाद
मेलॅनोमा हा कातडीचा कॅन्सर. आक्रमक म्हणजे लवकर पसरण्याची खोड असलेला. किती पसरलाय, हे त्या शब्दात येत नाही. ते 'स्टेज'वरून कळतं. रिपोर्टात 'ब्रेस्लो' शोधा, पुढे मिलिमीटरचा आकडा असेल. गाठ कातडीत किती खोल गेली त्याचं हे माप, अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये मांडलेलं. १ मिमीच्या आत असेल तर बहुतेकदा ऑपरेशनने भागतं. पुढच्या स्टेजलाही २०११ पासून प्रतिकारशक्तीला कामाला लावणारी औषधं आली आहेत. घरच्यांना हे आजच सांगा.

प्रतिसाद
ग्रीक 'मेलास' म्हणजे काळा. तरी 'काळा कॅन्सर' म्हणू नये, काही मेलॅनोमा चक्क गुलाबी असतात. कातडीला रंग देणाऱ्या पेशींत हा होतो, म्हणून मला 'रंगपेशींचा कर्करोग' पटतो. पण सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात जा नाहीतर बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात, कागदावर मेलॅनोमाच असणार. तो शब्द घरात सगळ्यांना ठाऊक हवा.

प्रतिसाद
मला 'कुरूप' शब्दाचीच काळजी वाटते. कुरूप दाबाच्या जागी होतं, टणक, पिवळट, दाबलं की खुपतं. तीळ वर्षानुवर्षं तसाच राहतो. कडा वेड्यावाकड्या, एकाच डागात दोन-तीन रंग, वाढत जाणारा, रक्त येणारा, असा डाग यांपैकी कशातच बसत नाही. सावळ्या माणसांत मेलॅनोमा बहुतेकदा तळपाय, तळहात नाहीतर नखाखाली होतो, आणि तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. गायक बॉब मार्लीला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता; १९८१ मध्ये तो गेला, वय ३६. आपल्याकडे सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत अनवाणी चालणारे कितीतरी, पायाला काहीबाही व्हायचंच असं धरून चालतो आपण. कृपा करून असा डाग ब्लेडने तासू नका, कॉर्नची पट्टीही लावू नका. आधी कातडीच्या डॉक्टरांना दाखवा.

मूळ विचारणारा
रिपोर्ट पाहिला. ब्रेस्लो १.४. आता जांघेतला 'सेंटिनेल नोड' काढून तपासायचाय म्हणे. हे काय असतं?

प्रतिसाद
पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ना, तिथल्याच लसिका ग्रंथी. टाचेकडून येणारी लसिका (शरीरात वाहणारा पातळ द्रव) सगळ्यांत आधी ज्या ग्रंथीत पोचते, ती सेंटिनेल. 'पहारेकरी ग्रंथी' म्हणता येईल. पेशी पसरल्या असतील तर आधी तिथे सापडतात. ग्रंथी सुजलेली नसली तरी तपासतात, म्हणून 'आम्हाला तर गाठ लागत नाही' म्हणत मावशींना ऑपरेशन पुढे ढकलू देऊ नका.