अर्जन सिंग निवृत्त झाले होते की नव्हते?

मुक्ताई:
शनिवारी लेकीची वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय घेतला होता मार्शल अर्जन सिंग. 'ते १९६९ साली निवृत्त झाले' असं ती बोलली आणि परीक्षकांनी गुण कापले. म्हणे, मार्शल कधीच निवृत्त होत नाही. पोरगी हिरमुसून बसलीय. खरं काय? हवाई दलातलं कुणी आहे का इथे?

नाना फिटर:
ताई, लेक बरोबर बोलली. मी वीस वर्षं एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा सांभाळणारा कारागीर होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१ ऑगस्ट १९६४ ला ते हवाई दलप्रमुख झाले, वय अवघं ४५. जुलै १९६९ मध्ये निवृत्त झाले ते एअर चीफ मार्शल म्हणून. मग स्वित्झर्लंडला राजदूत, केनियात उच्चायुक्त, पुढे दिल्लीचे नायब राज्यपाल. मार्शल हा हुद्दा त्यांना मिळाला जानेवारी २००२ मध्ये, म्हणजे तब्बल ३२ वर्षांनी! हवाई दलात तो आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही. तिथून पुढे मात्र माणूस शेवटपर्यंत सेवेतच धरतात, तेवढं परीक्षकांचं खरं.

पण माझं ऐकाल तर भाषणात १ सप्टेंबर १९६५ ची संध्याकाळ हवीच. जम्मूकडच्या छांबमध्ये पाकिस्तानचे पॅटन रणगाडे घुसले होते, रोख अखनूरच्या पुलावर. आपल्या यशवंतरावांनी, तेव्हा ते संरक्षणमंत्री, विचारलं की विमानं किती वेळात पोचतील? अर्जन सिंग म्हणाले, तासाभरात. आणि दिवस मावळायच्या आत पठाणकोटहून विमानं उडाली. पुढे होती व्हॅम्पायर जातीची विमानं, तेव्हाच जुनी झालेली. त्यातली ४ त्या संध्याकाळी पाडली गेली. विमानं जुनी आहेत हे माहीत असलेला माणूस 'तासाभरात' हा शब्द देतो, त्याचं वजन मुलांना सांगा.

तासाभरात म्हणजे काय, ते धावपट्टीच्या कडेला उभं राहिलेल्यालाच कळतं. इंधनाचा टँकर एकीकडे, शस्त्रं चढवणारा आर्मरर पंखाखाली, आणि आम्ही एकेक पॅनल हाताने दाबून बघत फिरणार.

वाईकर:
नानांशी सहमत. एक भर घालतो. जुलै २०१५ मध्ये कलामांचं पार्थिव दिल्लीच्या पालम विमानतळावर आलं तेव्हा अर्जन सिंग ९६ वर्षांचे होते. व्हीलचेअरवरून आले, पण सलाम केला तो उभं राहून. टीव्हीवर बघताना आमच्या घरात सगळे गप्प झाले होते.

मुक्ताई:
नाना, तुमचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. आता विचारतेय, उड्डाणाआधी तुमचं शेवटचं काम काय असायचं?

नाना फिटर:
पिना काढायच्या, बाळा. जमिनीवर असताना चाकं, शस्त्रं चुकून सुटू नयेत म्हणून लावलेल्या या सेफ्टी पिनांना लाल फीत असते. सगळ्या काढून मोजायच्या, हात वर करून वैमानिकाला दाखवायच्या. त्याने मान हलवली की आपण बाजूला.