इंजेक्टर क्लीनर टाकला आणि प्लग विटकरी झाला. संबंध आहे का?

एकसिलिंडर
गाडी १५० सीसी, इंजेक्शनवाली, ३८ हजार किलोमीटर झालेली. आयडलिंगला थरथरायची म्हणून इंजेक्टर क्लीनर आणला, बाटलीवर लिहिलेल्या मापात टाकीत ओतला. थरथर बरीच कमी झाली, खूश होतो. दोन टाक्यांनंतर नवंच दुखणं. सकाळी एका बटणात सुरू होते, पहिले चार-पाच किलोमीटर मस्त पळते. एकदा तापली, की चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला रे पिळला की मिसिंग मारते, म्हणजे ठिणगी चुकून झटके देते. अर्ध्यावर ठेवला तर काही नाही.

काल स्पार्क प्लग काढला. काळा निघेल असं वाटलं होतं, निघाला विटकरी! मधल्या पांढऱ्या चिनीमातीवर गेरू सारवल्यासारखा थर. नखाने जात नाही, पेट्रोलमध्ये रात्रभर बुडवला तरी जात नाही. जुने प्लग मी एका डब्यात ठेवतो (घरात त्याला ‘दातांचा डबा’ म्हणतात). त्यातला एक शेजारी धरून पाहिला, तो नेहमीसारखा बिस्किटी. नव्या प्लगचं रनिंग जेमतेम ४ हजार. गॅप (ठिणगी उडते ती फट) ०.८ मिमी, बरोबर आहे.

क्लीनरने सुटलेली घाण प्लगवर जाऊन बसली असेल का?

टाकीफुल्ल
टाकीत पेट्रोल सोडून काहीही ओतू नये, डिटर्जंट पेट्रोलमध्येच घातलेलं असतं. प्लग बदला, विषय संपला.

काजळीकाका
विषय कसा संपला? कारण तसंच राहिलं तर नवा प्लगही महिनाभरात विटकरी होईल.

एकसिलिंडर, रंग बाजूला ठेवा, आधी गाडी कधी अडते ते बघा. काजळी धरलेला प्लग सकाळी छळतो. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, आणि एकदा गाडी तापून पळायला लागली की सुधारते, कारण प्लगचं टोक ४५०-५०० अंशांवर गेलं की कार्बन आपोआप जळून जातो. तुमचं बरोबर उलटं आहे. थंडीत ठीक, तापल्यावर बिघाड. म्हणजे तो थर जळायचा राहिलेला नाही, जळून उरलेला आहे. राख आहे ती. आणि राख लाल असेल तर त्यात धातू आला.

आता क्लीनर. बऱ्या क्लीनरमध्ये पॉलिइथरअमाइन असतं, बाटलीवर पीईए लिहितात. त्यात कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन. धातूचा कणही नाही, त्यामुळे राख नाही. इंजेक्टरच्या तोंडावरून सुटणारी घाण चिमूटभर, ती पेट्रोलबरोबर जळून जाते.

मापाबाहेर ओतलं तर मात्र प्लगला त्रास होतो, हे मी स्वतः करून बसलोय. कारसाठीची ३०० मिली बाटली, ६० लिटरला पुरणारी. म्हणजे लिटरला ५ मिली. माझ्या टाकीत पेट्रोल ६ लिटर, हवं होतं ३० मिली, मी शहाण्याने अख्खी बाटली उपडी केली. दहापट! मागे धूर, सिग्नलला दोनदा बंद, प्लग काळाकुट्ट. पुढच्या टाकीला साधं पेट्रोल भरलं आणि लांब फिरवून आणली, प्लग आपोआप साफ. पण काळाच झाला होता, लाल नाही.

म्हणून विचारतो, क्लीनरशिवाय आणखी काही ओतलं होतंत का? ऑक्टेन वाढवणारं वगैरे?

एकसिलिंडर
अरेच्चा, हो. थरथर कमी झाली त्या आनंदात पुढच्या दोन्ही टाक्यांना ऑक्टेन बूस्टरची एकेक बाटली टाकली. तो क्लीनर नाही म्हणून वर लिहिलंच नाही. आत्ता भिंग लावून लेबल वाचलं: फेरोसीन.

काजळीकाका
सापडला. फेरोसीन म्हणजे लोखंडाचं संयुग. जळल्यावर उरतो आयर्न ऑक्साइड, साध्या भाषेत गंज. तुमच्या प्लगला आतून गंजाचा हात दिलाय. थंड असताना हा थर फारसा त्रास देत नाही, तापला की वीज वाहून न्यायला लागतो. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला की सिलिंडरमधला दाब वाढतो, गॅप ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. शेजारी तापलेल्या थरावरून सोपी वाट असताना ती उडी कशाला मारेल? एमएमटी या ऑक्टेन वाढवणाऱ्या मँगनीजवाल्या रसायनानेही प्लगवर असाच तांबूस थर येतो.

वायर ब्रशने घासू नका, ब्रशचाच धातू चिनीमातीवर उमटतो. हा प्लग गेला समजा. आधी टाकीतलं पेट्रोल संपवा, मग नवा लावा. इंजिन गार हवं, प्लगभोवतीची माती फुंकून काढा, आटे पहिल्यांदा हातानेच धरवा. पाना लावून पहिल्याच फेऱ्याला जोर करणाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे घालवलेले मी पाहिलेत. वायसर टेकल्यावर नव्या प्लगला साधारण अर्धा फेरा. टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलमधला आकडाच पाळा.

चोकवाला
मध्येच विचारतो. माझी कार्बोरेटरची गाडी, वर्षभर उभी होती, आता चोक ओढल्याशिवाय सुरू राहत नाही. क्लीनर चालेल?

काजळीकाका
पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) पूर्ण बुजला असेल तर त्यातून पेट्रोलच जात नाही, मग क्लीनर कुठून जाणार? कार्बोरेटर उघडा.

एकसिलिंडर
नऊ दिवसांनी कळवतोय. टाकी रिकामी केली, नवा प्लग लावला, साध्या पेट्रोलवर ६०० किलोमीटर झाले. त्याच चढावर तिसऱ्या गिअरला पूर्ण पिळून पाहिली, मिसिंग नाही. प्लग काढला तर बिस्किटी. विटकरी दात डब्यात गेला, चिठ्ठी बांधून. आयडलिंगची थरथर थोडी उरलीच आहे, रविवारी थ्रॉटल बॉडी उघडून बघतो.